चेहऱ्यावर भरवसा नसलेली बाई

माणसाचा चेहरा एक नंबरचा थापाड्या असतो, असं डॉक्टरीणबाईंचं ठाम मत होतं आणि ते त्या कुणालाही, न विचारता ऐकवायच्या. शेजारीण जिन्यात भेटून सहज म्हणाली, "आज दमलेल्या दिसताय," तरी बाई पिशवी खाली ठेवून उलट विचारायच्या, "दिसतेय म्हणजे काय? मोजलंत?" शेजारणीने पुढे पुढे नुसतं हसून वर जायचं ठरवलं. पण हसण्यावरही बाईंचा भरवसा नव्हताच.

मताला कारण होतं. बाईंचे वडील एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. दांडा फिरतोय, हत्यार त्याला टेकतंय आणि केसाएवढा फरक बोटाला कळतोय, असला कसबी माणूस. एका वर्षी त्यांचं जेवण तुटलं, मग झोप तुटली, मग बोलणं. मशीन बंद ठेवून तिच्यासमोर नुसते उभे राहायचे. आईने ओढत दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरसमोर वडील सवयीने हसले. साहेबासमोर उभं राहिलं की हसायचं, हे आयुष्यभराच्या नोकरीने अंगात भिनवलेलं. डॉक्टर म्हणाला, "चेहरा तर टवटवीत आहे! जरा हवापालट करा." हवापालटाला रजा लागते आणि खिसाही लागतो, हे त्या टवटवीत डॉक्टरला कोण सांगणार? वडील घरी आले आणि काही आठवड्यांत त्यांनी स्वतःला संपवलं. भेटायला येणारा जो तो म्हणत होता, "काल तर चांगले हसून बोलले!" कोपऱ्यात बसलेली मुलगी ते ऐकत होती. दर वेळी हे वाक्य ऐकलं की तिला बोलणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

ती मुलगी मेडिकलला गेली तेव्हा नात्यागोत्यात कौतुक झालं. तिने मनाच्या आजारांचा विभाग निवडला तेव्हा त्याच लोकांनी कपाळाला हात लावला.

"हृदयाची हो, डोळ्यांची हो, गेलाबाजार दातांची हो," मावशी म्हणाली. "वेड्यांची कसली डॉक्टर होतेस? स्थळं कुठून यायची?"

"वेड्यांची नाही मावशी. ज्यांना जगणं नकोसं होतं त्यांची."

"मग तर आपलं अख्खं खानदान येईल दारात. आणि फी कोण देणार?"

धाकटा भाऊ तेवढा खूश होता. त्याने चौकात टायर-पंक्चरचं दुकान टाकलं होतं. म्हणाला, "ताई, तू डोकी बघ, मी ट्यूब बघतो. धंदा एकच आहे. हवा कुठून जातेय ते आधी शोधायचं."

हॉस्पिटलात तेव्हा थोरल्या सरांचं राज्य होतं. पेशंट दारातून आत येतानाच सर निदान सांगायचे आणि ज्युनिअर मंडळी माना डोलवायची. एका सकाळी भरल्या बैठकीत ही लेथवाल्याची पोर उभी राहिली. "सर, हाच पेशंट दुसऱ्या डॉक्टरने पाहिला तर हेच निदान येईल का?"

सर म्हणाले, "येईल की. दुसऱ्याला येत असेल तर."

सगळे खो खो हसले. ती नाही हसली. तिने पुढे काही महिने तेच पेशंट दोन-दोन डॉक्टरांना वेगवेगळे दाखवले आणि कुणाचं कुणाशी जुळत नाही, हे कागदावर मांडलं. त्या यादीत सरांचाही नंबर लागला होता. सर तिच्याशी बोलायचे बंद झाले ते निवृत्त होईपर्यंत. निरोप समारंभात तिने हार घालायला हात उचलले, तर त्यांनी हार हातात घेतला. बाई घरी येऊन आईला म्हणाल्या, "बरं झालं. मान तरी वाकवावी लागली नाही कुणाला."

मग बाईंनी जन्मभर मोजलं. उदासीचा आजार मोजायची एक प्रश्नावली असते. झोप, भूक, कामातलं लक्ष, अपराधीपणा, जगण्याची इच्छा, असे एकेक प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला गुण. गुण जास्त तेवढा आजार जास्त. शाळेच्या अगदी उलट कारभार. बाईंनी गोळ्यांवर अभ्यास केले, बोलण्याच्या उपचारांवर केले, पहाटे प्रखर दिव्यासमोर पेशंट बसवून केले. कधी उपचार लागू पडला, बऱ्याचदा तोंडाला पानं पुसली गेली. पडलेला अभ्यासही त्या जसाच्या तसा छापायच्या. औषध कंपनीचा एक माणूस गोड आवाजात म्हणाला होता, "मॅडम, थोडं सकारात्मक लिहिता येईल का?" बाईंनी त्याला बिस्किटाची बशी पुढे केली आणि म्हणाल्या, "हे खा आणि निघा." असल्या तोंडामुळे पैसा दुसऱ्यांकडे जायचा आणि बाईंच्या विभागाचं छत गळायचं.

उतारवयात त्यांच्या हाती एक मोठा अभ्यास लागला. दोन-दोन औषधं घेऊनही ज्यांना गुण आला नाही, अशा लोकांच्या डोक्याला चुंबकाचे ठोके देणारी मशीन. दातांच्या डॉक्टरकडे असते तसली खुर्ची, कानात बोळे आणि कवटीला टेकवलेलं एक वेटोळं, सुतारपक्षी लाकडावर चोच मारतो तसं टकटक वाजणारं. अर्ध्या लोकांना खरे ठोके मिळायचे. उरलेल्यांना नुसता आवाज. कुणाला काय मिळतंय हे पेशंटला ठाऊक नसायचं आणि प्रश्न विचारणारीलाही. प्रश्न विचारणारी मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच हवी. मध्येच माणूस बदलला की हात बदलला, माप बदललं, अभ्यास बाद.

ती विचारणारी म्हणजे रेडिओ.

हे नाव पेशंटांनी ठेवलेलं. सकाळी जिना चढताना जो आवाज सुरू व्हायचा तो संध्याकाळी चप्पल घालेपर्यंत. तिशीतली, ठेंगणी, नवरा इलेक्ट्रिशियन, मूलबाळ नाही. बाईंनी तिला स्वतः तयार केलं होतं आणि अशी विचारणारी बाईंना दुसरी सापडली नव्हती. दगडालासुद्धा झोप लागते का हे तिने काढून घेतलं असतं.

"झोप येते का आजोबा?" ती निवृत्त टपालवाल्या आजोबांना विचारायची.

"येते की."

"टिकते का?"

"पाहुण्यासारखी. टेकते, चहा घेते, जाते."

"मग दोन गुण देते."

"जास्त दे की पोरी. शाळेत कधी मिळाले नाहीत."

"इथे नापास झालात तरच घरी सोडतो आम्ही. कमी मिळवायला शिका."

आजोबांचे गुण हळूहळू खरंच उतरत होते. ते आता दाढी करून यायचे. बाई काचेआडून बघायच्या आणि स्वतःला बजावायच्या, दाढी बघू नकोस, आकडा बघ.

शेवटचे काही आठवडे उरले होते तेव्हा बाईंच्या लक्षात आलं, की रेडिओचा जेवणाचा डबा न उघडता परत जातोय. मग दिसलं, की तिने ब्लाउज उलटा घातलाय आणि दिवसभर तिला पत्ता नाही. एकच विनोद तिने एकाच पेशंटला लागोपाठ दोनदा सांगितला. बोलणं चालूच होतं, उलट आवाज वाढला होता. पण दोन पेशंटांच्या मध्ये ती मागच्या जिन्यावर जाऊन बसायची आणि भिंतीचा रंग नखाने खरवडायची. बाईंनी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा पाय न वाजवता त्या केबिनकडे वळल्या.

दुसरी कुणी असती तर तिथेच पायरीवर बसली असती, पाठीवर हात ठेवला असता, आणि घरी घेऊन गेली असती. पण डोळ्यांना जे दिसतं ते बाईंच्या लेखी पुरावा नव्हताच. त्यांनी रेडिओला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि प्रश्नावली पुढ्यात घेतली.

"अगं बाई, माझी परीक्षा?" रेडिओ पेशंटच्या खुर्चीत बसत म्हणाली.

"गप्प बैस. झोप?"

"लागते. पहाटे जाग येते कधीकधी."

"भूक?"

"हॉस्पिटलच्या वासाने मरते, घरी गेल्यावर जिवंत होते."

"स्वतःला दोष देणं?"

"नवरा असताना मला कशाला तो त्रास?"

आता बघा गंमत, तिला गंमत म्हणायची असेल तर. एखादा नवखा सगळीकडे 'नाही' म्हणाला असता आणि बाईंनी त्याला तिथेच पकडला असता. रेडिओने तसं केलं नाही. झोपेला एक गुण, थकव्याला एक गुण, दिवसभर राबणाऱ्या कुठल्याही बाईला पडतील तेवढेच गुण तिने मोजून पदरात पाडून घेतले. कुठल्या उत्तराला काय किंमत आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती आता टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली होती. आणि तिला ते सगळं शिकवणारी समोर बसून गुण लिहीत होती.

शेवटचा प्रश्न जगण्याचा. "आपण नसलेलो बरं, असं वाटतं का?"

रेडिओ हसली. "मी मेले तर तुमचे पेशंट कोण बघणार, मॅडम?"

विनोद हे उत्तर नाही, पुन्हा विचारायचं, हा बाईंचा नियम. नव्या पोरींना त्या पहिल्याच दिवशी हा नियम घोकून घ्यायला लावायच्या. त्या दिवशी बाईंनी पुन्हा विचारलं नाही. पेन कागदावर टेकलेलं होतं, त्याने शून्य काढलं. बेरीज कमी आली. सौम्यसुद्धा म्हणता येणार नाही इतकी कमी. बाईंना एकदम मोकळं वाटलं. आकड्याने त्यांचा अभ्यास वाचवला होता आणि त्या वेळी आपण कशाने सुखावलो हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"दोन दिवस सुट्टी घे, झोप काढ."

"शेवटचा टप्पा आहे मॅडम. सुट्टी कसली?"

"तेही खरंच," बाई म्हणाल्या.

त्यानंतरच्या एका सोमवारी सकाळी नवऱ्याचा फोन आला. रेडिओने नको ते केलं होतं. नवरा काहीतरी विसरलं म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरला, म्हणून ती वाचली.

वाचली म्हणजे श्वास चालू राहिला एवढंच. शुद्धीवर आली ती बोलेना. रेडिओ बोलेना! आधी वॉर्डातल्या सिस्टरना वाटलं, घसा धरलाय. मग तिने खाणं सोडलं, मग पाणीही. ओठ फाटले. तोंड भिंतीकडे करून पडून राहायची आणि कुणी हात लावला तर अंग आक्रसून घ्यायची. सलाइनची सुई दोनदा उपटून टाकली. तिला बघणारा डॉक्टर बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याने बाईंना बाजूला घेतलं. "मॅडम, गोळ्यांची वाट बघायला वेळ नाही. विजेचा उपचार द्यावा लागेल. उद्याच. पण नवरा सही करत नाहीये."

इलेक्ट्रिशियन वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. खिशात टेस्टर तसाच. कामावरून उठून आलेला माणूस.

"भूल देऊन करतात," बाईंनी सुरुवात केली. "तिला काही कळणार नाही. अगदी थोडा..."

"मॅडम, मी करंटचं काम करतो. करंट काय करतो ते मला नका शिकवू. माझ्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदाराचा हात जळालेला मी पाहिलाय."

"हा तसा नसतो. मोजून देतात. मी आयुष्यभर या उपचारांचा अभ्यास..."

"तुमचाच अभ्यास ना?" त्याचा आवाज वर चढला. बाकावरचे लोक वळून बघायला लागले. "तुम्हीच तपासलंत तिला. घरी येऊन सांगितलं तिने, मॅडमनी सगळे प्रश्न विचारले, मला काही झालेलं नाही. मी म्हणत होतो हिचं काहीतरी बिनसलंय. रात्रभर छताकडे बघत पडायची. पण एवढी मोठी डॉक्टर काही नाही म्हणते, तर मी कोण? वायरी जोडणारा! गप्प बसलो."

बाईंच्या तोंडावर उत्तर आलं होतं. तिने खोटी उत्तरं दिली, माझा काय दोष? शब्दाला शब्द खरं होतं. कुठल्याही चौकशीत ते उत्तर टिकलं असतं. 'तिने' एवढा शब्द बाहेरही पडला. मग बाईंनी तोंड मिटलं, आणि त्याच्या शेजारी बसल्या.

"मला दिसत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"डबा परत जात होता. जिन्यावर बसायची. तुम्हाला जे दिसलं तेच मलाही दिसलं. प्रश्न विचारले तेव्हा तिने एक उत्तर हसण्यावारी नेलं. मी पुन्हा विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

"का?"

"ती आजारी निघाली असती तर तिला कामावरून उठवावं लागलं असतं. मग माझा अभ्यास मोडला असता."

 इलेक्ट्रिशियनने अशी शिवी दिली की बाकावरची एक म्हातारी पदर तोंडाला लावून उठून गेली. बाई हलल्या नाहीत. आजवर लोकांनी त्यांना पुष्कळ नावं ठेवली होती, थोरल्या सरांनी, कंपनीवाल्यांनी, मावशीने. त्या प्रत्येकाला त्यांनी सवाई उत्तर दिलं होतं. ही शिवी त्यांनी ठेवून घेतली.

तो उठला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"तुमचं कुणी असतं तर दिला असता हा करंट?"

"माझ्या भावाला दिला असता. आज संध्याकाळीच."

"मरणार नाही ना त्याने?"

"त्याने मरण्याची शक्यता फार म्हणजे फारच कमी आहे. असंच पडून राहिली तर मात्र मरेल. थोडं विसरायला होईल, त्या दिवसांतलं. कधीकधी त्याच्या आधीचंही."

त्याने खिशातला टेस्टर नीट बसवला. "सही करतो. पण तुम्ही तिला हात लावायचा नाही. तो पोरगेला डॉक्टरच बघेल. तुम्ही खोलीतसुद्धा जायचं नाही."

"नाही जाणार."

उपचार सुरू झाले. एक दिवसाआड सकाळी तिला खाली न्यायचे आणि बाई दाराबाहेर उभ्या राहायच्या. मधल्या दिवसांत त्यांनी अभ्यासाच्या देखरेख समितीला कळवून टाकलं, की विचारणारी आजारी होती, तिने अलीकडे पेशंटांना दिलेले गुण धरता येणार नाहीत, अभ्यास थांबवतेय.

समितीच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. सभ्य माणूस. सभ्य माणसंच अशा वेळी जास्त घाण बोलतात.

"तुम्हीच तर तिला तपासलं होतंत. बेरीज सौम्यच्याही खाली. म्हणजे नोंदीप्रमाणे ती ठणठणीत होती. मग तिने घेतलेली मापं चूक कशी? इतक्या वर्षांची मेहनत आहे, मॅडम. एका बाईच्या घरगुती प्रकरणापायी..."

"घरगुती?"

"मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तुमच्याच आकड्यावर तुमचा विश्वास नाही का?"

घाव बरोबर वर्मी बसला. जन्मभर बाईंनी हेच तर सांगितलं होतं. चेहरा सोडा, आकडा धरा. आता आकडा त्यांच्या बाजूने उभा होता, छातीठोक साक्ष द्यायला तयार. फक्त मान हलवायची होती.

"तो आकडा मी लिहिला," बाई म्हणाल्या, "म्हणून मला माहीत आहे तो कसा आला. बंद करा अभ्यास."

मशीनवर कापड पडलं. पेशंटांना एकेक करून सांगावं लागलं. टपालवाले आजोबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी बरा झालो ते धरणार नाही?"

"अभ्यासात नाही धरता येणार, आजोबा."

"आणि मला खरे ठोके होते की नुसता आवाज?"

कुणाला काय मिळालं ते लिहिलेलं बंद पाकीट बाईंनी उघडून बघितलं आणि सांगितलं. नुसता आवाज. आजोबांनी टोपीची कड चाचपली. "मग मी बरा कशाने झालो?" बाईंना उत्तर द्यायचं होतं. जिभेवर एकच नाव होतं आणि ते उच्चारायचा धीर झाला नाही. आजोबाच म्हणाले, "ती पोरगी कुठे आहे? दिसली नाही बरेच दिवसांत." बाईंनी रजेवर आहे म्हणून सांगितलं. आजोबा पुन्हा आले नाहीत.

खालच्या मजल्यावर पहिल्या काही सकाळी काहीच फरक पडला नाही. बाईंचा तो जुना विद्यार्थी बाहेर येऊन फक्त मान हलवायचा. इलेक्ट्रिशियन समोरच्या भिंतीला टेकून उभा राहायचा, बाईंशी एक शब्द नाही. एका सकाळी मात्र तो आपण होऊन बोलला.

"बरी होईल का ती?"

"दहा जणांना हा उपचार दिला तर सहा-सात जण..."

"दहा जण गेले खड्ड्यात. तिचं विचारतोय."

कितीतरी परिषदा, कितीतरी निबंध, आणि हा एक प्रश्न. बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही."

त्याने मान डोलवली. पहिल्यांदाच त्याने बाईंकडे शत्रूसारखं पाहिलं नाही. नुसतं पाहिलं.

दार उघडलं आणि सिस्टरनी चाकाची खाट बाहेर आणली. रेडिओचे केस कपाळाला चिकटले होते, डोळे अर्धवट उघडे. ती छताकडे बघत होती, मग दिव्याकडे, मग नवऱ्याकडे. तिचे ओठ हलले. आवाज आला तो गंजलेल्या बिजागरीसारखा.

"पाणी."

इलेक्ट्रिशियनच्या हातून बाटलीचं झाकण सुटेना. बाईंचा हात आपोआप पुढे गेला आणि मग त्याला दिलेला शब्द आठवून मागे आला. त्याने दाताने झाकण फिरवलं, तिच्या मानेखाली हात घातला आणि थोडं थोडं पाणी पाजलं. निम्मं गळ्यावरून ओघळलं. निम्मं पोटात गेलं.

मग रेडिओची नजर बाईंवर येऊन थांबली. ओळख पटायला वेळ लागला. पटली तेव्हा चेहरा बदलला, आणि त्या चेहऱ्यावर काय होतं, राग होता की शरम की नुसता शीण, हे बाईंना सांगता आलं नसतं. पण त्या बघत राहिल्या.

"मॅडम," रेडिओ म्हणाली, "तुम्ही जा ना."

सिस्टरने खाट थांबवली होती, ती वाट बघत होती. इलेक्ट्रिशियनने बाटलीला झाकण लावलं. बाई भिंतीला सरकून उभ्या राहिल्या, खाटेला वाट दिली, आणि ती वळणाआड गेल्यावर जिन्याकडे निघाल्या.